सोलापुरात सीओटू सिलेंडर न लावता टँकमध्ये गालिचा होतो का?

तुमचा प्रश्न असा की माशांचा दोन फुटी टँक आहे, पाणी सोलापूरचं, मे महिन्यात टँक ३३ डिग्रीला जातो, सीओटूचा, म्हणजे झाडांना लागणाऱ्या कार्बन डायऑक्साइड गॅसचा, सिलेंडर घ्यायला घरून नकार आहे, तर मोंटे कार्लो या बारीक पानांच्या पाणवनस्पतीचा गालिचा, म्हणजे टँकचा तळ झाकणारा हिरवा थर, होईल का आणि लाईट किती तास ठेवायचा. आणि शेवटी लिहिलंय की दुकानदार म्हणाला, "सोलापुरात ते जमत नसतंय, प्लॅस्टिकचं गवत टाका." त्या एका वाक्यासाठी मी लिहायला बसलोय, नाहीतर लाईटचे तास कुणीही सांगेल.

गालिचा होतो. सोलापुरात होतो, सिलेंडर न लावता होतो, जड पाण्यावर पण होतो. फक्त मोंटे कार्लोच पाहिजे हा हट्ट सोडा.

दुकानदाराचं हे वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून ऐकलेलं आहे. दाजी म्हणजे ताईचे मिस्टर, पुण्यात असतात, त्यांचा चार फुटी टँक आहे, सिलेंडर, सोलेनॉइड (गॅस आपोआप चालू-बंद करणारा व्हॉल्व्ह), ड्रॉप चेकर (पाण्यातला गॅस दाखवणारी कुपी), जपानची अ‍ॅक्वासॉइल म्हणजे टँकच्या झाडांसाठीची तयार माती, सगळं व्यवस्थित, आणि टँक खरोखर सुंदर आहे, ते मी कधी नाकारलं नाही. एका दिवाळीला ते आमच्याकडं आले, माझा टँक बघितला, तेव्हा त्यात मागं नुसती वॅलिसनेरिया, म्हणजे लांब पट्ट्यांसारख्या पानांचं पाणगवत, होतं आणि पुढं मोकळी वाळू. मी म्हणलं पुढच्या बाजूला गालिचा करायचा विचार आहे. तर सगळ्यांच्या देखत, आई-बाबा, ताई, शेजारचे काका बसलेले, दाजी म्हणाले की तुमचं पाणी म्हणजे चुन्याची निवळी, उन्हाळ्यात ४३ डिग्री, गावात गॅसचं नीट रिफिल मिळत नाही, इथं गालिचा येणार नाही, पैसे घालवू नकोस. जावई बोलले म्हणल्यावर विषय संपला. बाबांनी मान हलवली. मला ते लागलं, कारण टँकला नाव ठेवलं असतं तर चाललं असतं, त्यांनी गावालाच बाद केलं.

आता दाजींचं कुठलं बरोबर आणि कुठलं चूक ते सांगतो, कारण तुमचं उत्तर त्यातच आहे.

उन्हाचं बरोबर आहे. पाणी तापलं की त्यात सीओटू कमी विरघळतो, २० डिग्रीला एका लिटरात साधारण १.७ ग्रॅम मावतो तर ३० डिग्रीला सव्वा ग्रॅमच्या आसपास, आणि त्याच वेळी झाडाचा श्वास वाढतो म्हणजे कमाई कमी आणि खर्च जास्त. मोंटे कार्लो आणि त्याहून नाजूक ती क्युबा नावाची गालिच्याची वनस्पती, या दोघी मुळातच भुकेल्या, २२ ते २६ डिग्रीत खूश असतात. ३० च्या वर गेलं की खालची पानं पिवळी, मग पांढरी, मग मुळं सुटून गठ्ठाच्या गठ्ठा वर तरंगतो. म्हणून मोंटे कार्लोबद्दल दाजींचं मत मला मान्य आहे.

पाण्याचं चूक आहे. कडक पाण्यात झाडं येत नाहीत हे लोक एकमेकांना सांगत राहतात, कुणी तपासत नाही. आमच्या बोअरच्या पाण्यात टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घातला तर आकडा हजाराच्या पुढं जातो आणि माझी वॅलिसनेरिया त्यातच गुडघाभर वाढलेली आहे, कारण ती सीओटू नसेल तर पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेते, आणि बायकार्बोनेटची आपल्याकडं काय कमतरता. कडक पाण्याचा त्रास अ‍ॅक्वासॉइलला जास्त होतो, ती पीएच खाली ओढायला बनवलेली असते आणि आपल्या पाण्याशी झुंजून तिची ती ताकद लवकर संपते. म्हणजे पैसे त्या मातीवर घालू नका, एवढाच त्याचा अर्थ.

मी लावली मार्सिलिया. चार पानांची फर्न, दिसायला क्लोव्हरसारखी, पाण्याखाली गेली की बऱ्याचदा एकेकच गोल पान काढते आणि जमिनीलगत रनर, म्हणजे आडवे धुमारे, सोडत पसरते. ही काय परदेशी नवलाई नाही, हिची देशी जात आपल्या तळ्यांच्या काठाला, भाताच्या खाचरात आपोआप उगवते. ऊन सोसते, कडक पाणी सोसते, गॅस मागत नाही. हळू पसरते, हा एकच दोष. डाव्या कोपऱ्यात ड्वार्फ सॅजिटेरिया लावली, ती पण रनर टाकत जाते, कडक पाण्यात तर मस्त, फक्त लाईट कमी पडला की उंच होते आणि गालिच्याऐवजी कुरण दिसतं.

लावताना पूर्ण गठ्ठा एका जागी खुपसू नका, हे सगळेजण करतात. ट्वीझरनं एकेक तुकडा, दोन-तीन पानं आणि एक गाठ एवढाच, दीड-दोन सेंटिमीटर अंतरावर, वाळूत तिरका खोचायचा. पाठ मोडते पण पर्याय नाही. आणि पहिल्यांदाच भरपूर रोपं घ्या. कमी रोपं लावून वाट बघत बसलं की मधल्या मोकळ्या जागेत शेवाळ येतं आणि मग माणूस लाईटला शिव्या देतो.

माती. काळी माती अजिबात नको, शेतातली कितीही चांगली असली तरी नको. आपली काळी माती पाण्यात फुगते, बोट घातलं की सगळा टँक गढूळ, आणि तिच्यात चुनखडीचे खडे असतात ते पाणी अजून कडक करतात. मी नर्सरीतली लाल माती आणली, चाळली, भिजवून गच्चीवर उन्हात वाळवली, परत भिजवली, असं बऱ्याच वेळा केलं की त्यातलं कच्चं खत कुजून जातं आणि नंतर टँकमध्ये अमोनिया सुटत नाही. तिचा दोन सेंटिमीटर थर, वर चार सेंटिमीटर बारीक वाळू, एक-दोन मिलिमीटरची. वाळूवर आधी व्हिनेगरचे थेंब टाकून बघा, फेस आला तर त्यात चुना आहे, ती सोडून द्या.

आता उष्णतेचं, हे नीट वाचा, कारण इथं सोलापूर पुण्या-मुंबईपेक्षा सरस आहे आणि हे दाजींच्या डोक्यात कधीच आलं नाही. चिलर घ्यायची गरज नाही. टँकचं झाकण काढा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा लागेल असा छोटा टेबल फॅन लावा. पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते, माठातलं पाणी गार होतं तसंच. मुंबईच्या दमट हवेत याचा फारसा उपयोग होत नाही, पण आपल्याकडं एप्रिल-मेची हवा एवढी कोरडी असते की तीन-चार डिग्री सहज उतरते. तुमचा ३३ चा टँक २९ ला येतो आणि २९ ला मार्सिलिया आरामात जगते. पण वाफ होते ती शुद्ध पाण्याची, क्षार मागंच राहतात, म्हणून उडालेलं पाणी नळाच्या पाण्यानं भरायचं नाही, जारचं आरओ पाणी टाकायचं. नाहीतर मे संपेपर्यंत टँकमध्ये क्षाराचं लोणचं होतं.

लाईटची वेळ पण बदला, उन्हाळ्यात दुपारी लाईट लावायचा नाही. मी पहाटे पाच ते अकरा ठेवतो, पाणी सगळ्यात गार तेव्हा असतं.

पाणी बदलण्यावरून घरात वेगळंच युद्ध. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्या दिवशी आई पहाटेपासून पिंप, हंडे, बादल्या भरत असते आणि मी बादली घेऊन टँक रिकामा करतोय. "काय करूलालास रे, माणसाला प्यायला नाही आणि माशांना अंघोळ घालूलालास?" तिचं काही चुकत नव्हतं. मग मी टँकचं काढलेलं पाणी गच्चीवरच्या कढीपत्त्याला, तुळशीला, मोगऱ्याला घालायला लागलो. त्या पाण्यात माशांच्या घाणीतलं नायट्रेट असतं, ते आयतं खत आहे. पावसाळ्याआधी कढीपत्ता असा फुटला की आता आईच विचारते, मासेवालं पाणी कधी काढणार. म्हणजे पाणी वाया जात नाही, एकदा टँकमध्ये आणि एकदा कुंडीत वापरलं जातं. "या टंचाईच्या गावात हे शौक कशाला" असं जे कुणी म्हणतं त्याला हे दाखवा.

पुढच्या गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे संक्रांतीच्या वेळच्या आमच्या सोलापूरच्या जत्रेला, ताई आणि दाजी आले. पुढची सगळी बाजू हिरवी झालेली, वाळू दिसत नव्हती, गप्पी त्याच्यावरून फिरत होते. दाजींनी बराच वेळ बघितलं, मग म्हणाले, "चांगलं आहे, पण ही मार्सिलिया आहे. हे खरं कार्पेट नव्हे."

याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही, घरचा जावई म्हणून गप्प बसलो. ते आता देतो. ज्या जपानी माणसामुळं ही सगळी हौस जगभर पोचली, ते ताकाशी अमानो, यांनी १९८२ मध्ये आपली कंपनी काढली. त्यांच्या नव्वदच्या दशकातल्या टँकमध्ये पुढची बाजू कशानं भरलेली असायची? ग्लोसोस्टिग्मा, हेअरग्रास, टेनेलस. क्युबा त्यानंतर हौशी लोकांच्या हातात आली आणि मोंटे कार्लो तर अगदी अलीकडं, २०१० च्या आसपास. मग अमानोंच्या त्या टँकमधले गालिचे खोटे होते का? जमीन झाकली, आडवं पसरलं, मुळं धरली, मासे त्याच्यावर चरले, तो गालिचा. झाडाचं नाव आणि पावतीवरचा आकडा बघून गालिचा खरा-खोटा ठरवायचा हे मला पटत नाही, आणि यामुळंच लहान गावातली पोरं ही हौस सुरू व्हायच्या आधीच सोडतात, कारण पहिल्या दिवशीच त्यांना सिलेंडर आणि सॉइलचा हिशोब ऐकवला जातो.

असो. तुमचं राहिलेलं. लाईट पहिला महिना सहा तास, शेवाळ नसेल तर सात, त्याच्यापुढं सिलेंडरशिवाय जाऊ नका. जास्त लाईटनं झाड वाढत नाही कारण कार्बनच नसतो, तो लाईट शेवाळ खातं. गोल्डफिश असेल तर हे सगळं विसरा, सगळं उपटून टाकतो.

तरी मोंटे कार्लोच हवी असेल तर एक रस्ता आहे, ड्राय स्टार्ट. दिवाळी झाली की रिकाम्या टँकमध्ये ओल्या मातीवर लावायची, वरून क्लिंग फिल्म ताणायची, रोज थोडा वेळ उघडून हवा द्यायची नाहीतर बुरशी येते, स्प्रे मारत राहायचं. हवेतला सीओटू थेट मिळतो, त्यामुळं गॅसचा प्रश्नच नाही. गड्ड्यापर्यंत मुळं घट्ट धरलेली असतात, मग हळूहळू पाणी भरायचं. सुरुवातीला जुनी पानं थोडी गळतील, घाबरू नका. मार्चपर्यंत सुंदर दिसेल, मे मध्ये विरळ होईल, ते धरूनच चाला.

काहीजण यीस्ट-साखरेची बाटली लावा म्हणतील. आपल्या उन्हात यीस्ट पिसाळतं, दोन दिवस धो धो गॅस आणि मग काहीच नाही. सायट्रिक अ‍ॅसिड आणि खायच्या सोड्याची दोन बाटल्यांची किट बरी, व्हॉल्व्हनं बंद करता येते. रात्री बंद करायचीच, तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो, गॅस चालू राहिला तर सकाळी मासे वर तोंड काढून धापा टाकताना दिसतील.

आणि मार्सिलिया तळ्याकाठून आणणार असाल तर तशीच टँकमध्ये टाकू नका. फिक्या गुलाबी रंगाच्या पोटॅश परमँगनेटच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून धुवून घ्या, नंतर दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा. गोगलगाय आली तर एवढं बिघडत नाही, पण चतुराची अळी आली तर गप्पीची पिल्लं एकेक करून गायब होतात आणि कारण कळायला फार उशीर होतो. मुळं जास्त तोडायची नाहीत, मूठभर घेतली तरी दोन फुटी टँकला पुरते.