4 वर्षांच्या मुलीच्या तिरळ्या डोळ्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितली आहे. त्याने चांगला डोळा बिघडतो का?

बिघडू शकतो. आमच्याकडे बिघडला होता. पण त्यात दोष पट्टीचा नव्हता, माझ्या अतिशहाणपणाचा होता.

लेक साडेतीन वर्षांची होती, डावा डोळा नाकाकडे वळायचा. सासूबाई म्हणायच्या, "तिरळी पोर नशीबवान असते, राहू दे." डॉक्टरांनी चष्मा दिला आणि उजव्या डोळ्यावर रोज 2 तास पट्टी. मला वाटलं, 2 तासांनी फरक पडतो तर 8 तासांनी किती पडेल! सकाळी दात घासले की पट्टी, ती थेट देवापाशी दिवा लावताना काढायची. सोलताना भुवईचे केस निघायचे, गालावर लाल वळ उठायचा. पोरगीही बिलंदर. नाकाकडची कड नखाने उचलून फटीतून कार्टून बघायची. मान वाकडी दिसली की समजायचं, चोरी चाललीय. महिन्याने बोलावलं होतं. दिवाळी आली, मग नणंदेचं लग्न. गेलो साडेतीन महिन्यांनी. डावा छान सुधारला होता, उजवा मात्र चित्रांच्या तक्त्यावर आधीपेक्षा दोन ओळी कमी ओळखणारा.

पट्टी थांबवली, दीड महिन्यात उजवा पूर्ववत झाला. पण जाऊबाई अजून बारशा-मुंजीत चारचौघांत ऐकवतात, "हिने पट्टी लावून पोरीचा चांगला डोळा घालवला होता." अहो, लावली नसती तर डावा कायमचा अधू राहिला असता! वळलेल्या डोळ्याकडून आलेलं चित्र मेंदू बघायचंच सोडतो (यालाच आळशी डोळा म्हणतात), त्याला ते बघायला लहानपणीच भाग पाडावं लागतं. वाट बघत बसलं की तेवढं ते अवघड होत जातं. आणि माझे जास्तीचे तास फुकटच होते. 2003 साली अमेरिकेत झालेल्या चाचणीत मध्यम आळशी डोळ्याच्या मुलांना रोज 2 तास आणि 6 तास पट्टी लावून पाहिली, सुधारणा सारखीच निघाली.

पट्टीने डोळा सरळ होत नाही बरं का, नजर सुधारते. वळण चष्म्याने नाही गेलं तर ऑपरेशन. आमचं सहाव्या वर्षी झालं.

नजर फारच कमी असेल तर डॉक्टर जास्त तासही सांगतात, तेव्हा माझा 2 चा आकडा धरून बसू नका. फोटोत डोळ्याची बाहुली पांढरी चमकत असेल तर आधी तेच दाखवा, लगेच. आणि तपासणीची तारीख चुकवू नका, घरात लग्न असलं तरी.