वही तुझ्याकडेच राहू दे

चिरंजीवास,

स. न. वि. वि. लिहावं की अनेक आशीर्वाद, ते ठरेना. दोन्ही समज.

रोझा पार्क्स आणि माँटगोमेरीच्या बस-बहिष्कारावरच्या तुझ्या भाषणाचा मसुदा वाचला. सोबतची तक्रारही वाचली. संघटनेत येऊन वर्ष झालं तरी माईक कुणी देत नाही, वाट्याला येतात ती हजेरीची वही, वर्गणीच्या पावत्या आणि सभेच्या खुर्च्या. पुरावा म्हणून वहीच्या पानाचा फोटोही जोडलास! आधी भाषणाकडे येतो.

पहिलंच वाक्य खोड. 'दिवसभराच्या कामाने थकलेली एक साधी शिवणकाम करणारी बाई बसमध्ये बसून राहिली आणि इतिहास घडला.' टाळ्या पडतील, पण हे खरं नाही. १ डिसेंबर १९५५ ला अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात अटक झाली तेव्हा रोझा पार्क्स ४२ वर्षांच्या होत्या. एका मोठ्या दुकानात कपडे दुरुस्त करून द्यायचं काम करत, हे बरोबर. पण १९४३ पासून त्या एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेचं चिटणीसपद सांभाळत होत्या. म्हणजे वही त्यांच्याकडे होती, बाबा. १९४४ मध्ये ॲबव्हिलला रेसी टेलर या काळ्या तरुणीवर गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने बलात्कार केला, तेव्हा तिचा जबाब लिहून घ्यायला त्याच गेल्या होत्या. अटकेच्या आधीच्या उन्हाळ्यात त्या टेनेसीतल्या हायलँडर शाळेत कार्यकर्त्यांच्या शिबिरालाही जाऊन आल्या होत्या. पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं की अंग काही रोजच्यापेक्षा जास्त दुखत नव्हतं, कंटाळा आला होता तो नमतं घेण्याचा. 'थकलेली बाई' म्हटलं की बारा वर्षांचं काम पुसलं जातं, आणि उरतो एक योगायोग.

दुसरी दुरुस्ती. त्या 'गोऱ्यांच्या जागेवर' बसल्या नव्हत्या. बसमध्ये ३६ जागा. पुढच्या १० गोऱ्यांच्या, मागच्या १० काळ्यांच्या, मधल्या १६ ड्रायव्हर म्हणेल तशा. काळ्यांनी पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, खाली उतरायचं, मागच्या दाराने पुन्हा चढायचं. तेवढ्यात बस निघून गेली तर गेली. पार्क्स मधल्या भागात होत्या. एक गोरा माणूस उभा राहिला म्हणून अख्ख्या ओळीतल्या चौघांना उठायला सांगितलं, कारण पलीकडच्या खिडकीपाशीसुद्धा काळा माणूस त्याच्या ओळीत बसलेला चालत नसे. तिघं उठले. भाषणात हे सांग. अपमान किती बारकाईने आखलेला होता, ते 'अन्याय' या एका शब्दातून ऐकणाऱ्याला कळत नाही.

आणि क्लॉडेट कोल्विन तुझ्या मसुद्यात कुठेच नाही. १५ वर्षांची शाळकरी मुलगी. त्याच वर्षी २ मार्चला तिने हेच केलं आणि पोलिसांनी तिला ओढत नेलं. पुढाऱ्यांनी तिला समोर केलं नाही. वय लहान, स्वभाव तापट, घर गरीब, पुढे ती गरोदरही राहिली. डावपेच म्हणून मला ते समजतं. माणूस म्हणून अजून गिळवत नाही. चळवळीसुद्धा आपल्यातलं कोण 'दाखवण्याजोगं' ते ठरवतात. तुझ्या संघटनेतही हे होत असणार. डोळे उघडे ठेव.

आता पार्क्सच्या अटकेची, त्या गुरुवारची रात्र. जो ॲन रॉबिन्सन कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या आणि विमेन्स पोलिटिकल कौन्सिल या काळ्या स्त्रियांच्या संघटनेच्या अध्यक्ष होत्या. बसवर बहिष्कार पडेल असं त्यांनी महापौरांना मे १९५४ मध्येच पत्राने कळवलं होतं. अटकेची बातमी आली तशी त्यांनी कॉलेजच्या यंत्रावर रातोरात पत्रकांचे गठ्ठे काढले, तेही वरिष्ठांना न सांगता. (आमच्या पिढीने सायक्लोस्टाइल केलेलं आहे. ती शाई दोन दिवस नखांतून जात नाही.) शुक्रवारी हजारो पत्रकं शहरभर पोचली, सोमवारी बस रिकाम्या धावल्या. पत्रकं कुठे, कुणाकडे द्यायची याचा आराखडा आधीपासून तयार होता, म्हणून हे जमलं. २६ वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग बहिष्कार चालवणाऱ्या संघटनेचे अध्यक्ष झाले ते त्या सोमवारी, बस रिकाम्या धावल्यानंतर.

बहिष्कार ३८१ दिवस चालला. तू हा आकडा एका ओळीत उरकलास. रोज सकाळी हजारो लोकांना कामावर कसं पोचवायचं, हा खरा प्रश्न होता. टॅक्सीवाले सुरुवातीला बसच्याच भाड्यात, १० सेंटमध्ये नेत. प्रशासनाने किमान ४५ सेंटचा नियम लावला. मग लोकांनी आपल्या मोटारी काढल्या, ठरलेल्या वेळा, ठरलेले थांबे, सुमारे ३०० गाड्या. पोलीस क्षुल्लक कारणांवरून चालकांना पकडत. खुद्द किंगना २५ मैलांच्या मर्यादेत ३० मैलांच्या वेगाने गेल्याबद्दल अटक झाली. विमा कंपन्यांनी गाड्यांचे विमे रद्द केले, तेव्हा विमा थेट लंडनच्या लॉइड्सकडून मिळवला. या सगळ्याच्या याद्या कुणीतरी ठेवतच होतं ना?

पेट्रोलला पैसे? जॉर्जिया गिलमोर नावाची स्वयंपाकीण. तिने बायका जमवल्या, घरी कोंबडी तळायची, केक करायचे, विकायचे आणि पैसे सभेत आणून द्यायचे. गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या बायका यात होत्या. नाव फुटलं तर नोकरी जाणार. म्हणून गटाचं नावच 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. पैसे कुठून आले? कुठूनच नाही. काही गोरी गिऱ्हाइकंही खाऊन जात. मला हा प्रसंग किंगच्या भाषणांइतकाच आवडतो, कदाचित जास्तच.

कायदा मात्र पायपिटीने पडला नाही, तोही गैरसमज काढ. बहिष्काराच्या सुरुवातीच्या मागण्या तर माफक होत्या: नीट वागणूक, जो आधी येईल त्याला जागा (तरी काळे मागून, गोरे पुढून), काळ्या वस्तीच्या मार्गांवर काळे चालक. जागांचा भेद मोडला तो फ्रेड ग्रे या तरुण वकिलाने फेब्रुवारी १९५६ मध्ये लावलेल्या खटल्याने. त्यातल्या चार वादींमध्ये पार्क्स नाहीत, कोल्विन आहे. १३ नोव्हेंबरला माँटगोमेरीच्या कोर्टात मोटारींची व्यवस्था बंद पाडण्याची सुनावणी चालू असतानाच जागांचा भेद बेकायदा ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येऊन थडकला. तरी मोटारींच्या व्यवस्थेवर बंदी आलीच, आणि आदेश शहरात पोचेपर्यंत लोक महिनाभर चालत राहिले. आपल्याकडे चवदार तळ्याचं पाणी १९२७ मध्ये प्यायलं गेलं आणि हायकोर्टाचा निकाल १९३७ मध्ये लागला, हे तुला माहीत आहेच. दहा वर्षांची कागदपत्रं कुणीतरी जपली होती.

शेवट 'आणि समता आली' असा करू नकोस. भेद मोडून बस सुरू झाल्यावर त्या बसवर गोळ्या झाडल्या गेल्या, जानेवारी १९५७ मध्ये चर्चवर बॉम्ब पडले. पार्क्सची नोकरी गेलीच होती. त्याच वर्षी त्या शहर सोडून डेट्रॉइटला गेल्या.

मसुदा पुन्हा लिहून पाठव. आणि हो, तुझ्या वहीच्या फोटोत दोन पावत्यांवर एकच क्रमांक पडलाय, शिवाय उजवीकडची बेरीज दहा रुपयांनी चुकलीय. सभेआधी तेवढं दुरुस्त कर.

तुझा,
सर