चार संगणक, एकच डाउनलोड

प्रश्न: घरात डेबियन या लिनक्स प्रणालीचे चार संगणक आहेत. प्रत्येक अपडेट चारदा उतरवावं लागतं. घरीच मिरर, म्हणजे डेबियनच्या सगळ्या पॅकेजांची प्रत, उभारावा का?

उत्तर: पूर्ण मिरर नको. एका आर्किटेक्चरलाही (प्रोसेसरच्या एका प्रकारालाही) शेकडो जीबी लागतात आणि त्यातलं बहुतेक तुम्ही कधी वापरणारच नाही. कायम चालू असणाऱ्या संगणकावर एकदा उतरवलेली पॅकेजेस साठवून इतर संगणकांना देणारा ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ हा प्रोग्रॅम बसवा, राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता पक्का करा. चारही संगणकांवर पॅकेजेस उतरवणाऱ्या ॲप्टच्या सेटिंगमध्ये एचटीटीपी प्रॉक्सी (मधला सर्व्हर) म्हणून तो पत्ता आणि ३१४२ हा पोर्ट द्या. घोडं अडतं ते बहुधा एचटीटीपीएसपाशी: मजकूर कूटबद्ध असल्याने कॅशरला साठवता येत नाही. म्हणून सोर्स यादीत (पॅकेजेस कुठून घ्यायची त्या यादीत) डेबियनचे पत्ते साध्या एचटीटीपीचेच ठेवा. घाबरू नका, रिपॉझिटरीची (पॅकेज-भांडाराची) सही आणि पॅकेजचे हॅश (फाइलवरून काढलेले ठसे) ॲप्ट तपासतंच. लॅपटॉप बाहेर नेताना मात्र प्रॉक्सीची ओळ काढा, नाहीतर अपडेट होणार नाही.