आक्षेपार्ह बोलल्याबद्दल एकाला शिक्षा आणि दुसऱ्याला व्यासपीठ, वाहिन्या असं का करतात? अशा लोकांवर टीव्हीबंदी घालावी का?

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो. बंदी नको. माणूस कितीही घाणेरडं बोलला, तरी त्याच्या तोंडाला कुलूप लावायचा अधिकार एकदा कुणाच्या हातात दिला की तो अधिकार पुढे कुणावर वापरला जाईल हे आपल्या हातात राहत नाही. महाराष्ट्रात गेल्या दहा-पंधरा वर्षांत हे वारंवार घडलंय आणि त्यातलं बरंचसं आमच्या कोकणातच घडलंय.

मी रत्नागिरी जिल्ह्यात बरीच वर्षं एका मराठी वृत्तवाहिनीसाठी स्ट्रिंगर होतो. स्ट्रिंगर म्हणजे पगारी वार्ताहर नव्हे. बातमी लागली तर पैसे, नाही लागली तर पेट्रोल आपलं. त्यामुळे पडद्यावर काय जातं आणि काय गाळलं जातं, हे मी खालच्या टोकाकडून पाहिलंय.

२३ ऑगस्ट २०२१ ला महाडमध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री नारायण राणे तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांबद्दल, म्हणजे उद्धव ठाकरेंबद्दल, कानाखाली वाजवण्याची भाषा बोलले. दुसऱ्या दिवशी आमच्या संगमेश्वर तालुक्यात गोळवलीला पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं आणि रात्री महाडच्या न्यायालयात जामीन झाला. त्या दिवशी हातात जेवणाचं ताट असलेले राणे आणि भोवती पोलीस, हे दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. सगळ्या वाहिन्यांवर तेच. डेस्कवरून, म्हणजे बातम्या निवडणाऱ्या कार्यालयातून, आम्हाला एकच सांगणं होतं: प्रतिक्रिया आणा. शिवसैनिकाची आणा, भाजपवाल्याची आणा, जो जास्त चिडलेला असेल त्याच्यापुढे आधी बूम माइक धरा. एकाने शांतपणे सांगितलं की हे बोलणं चुकीचं आहे, पण अटक करायची गरज नव्हती. मी तो बाईट, म्हणजे त्याच्या बोलण्याची क्लिप, पाठवला. तो लागलाच नाही.

त्याच दिवशी माझ्याकडे चिपळूणची एक बातमी तयार होती. २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं त्याला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. बाजारपेठेतल्या एका कापडवाल्याकडे विम्याचा सर्व्हेअर स्टॉक रजिस्टर मागत होता. रजिस्टर पुरात गेलेलं. दुकानदार चिखलाने एकमेकांना चिकटलेल्या वहीची पानं नखाने सोडवून दाखवत होता, ‘हे बघा, इथे आकडे आहेत,’ म्हणत होता, आणि शाई सगळी पसरलेली. डेस्कवरून उत्तर आलं, आज राणे सोडून काही नको, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी ती शिळी झाली. आणि ज्या महाड तालुक्यात ते वाक्य बोललं गेलं, त्याच तालुक्यातल्या तळियेवर महिन्यापूर्वी दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली होती. त्यांच्या पुनर्वसनाचं काय झालं, हे विचारायला त्या दिवशी एकही कॅमेरा मोकळा नव्हता. मला आजही राग येतो तो याचा. राणे काय बोलले, याच्यापेक्षा जास्त.

आता दुटप्पीपणाकडे येतो. राणेंच्या अटकेनंतर भाजपच्या लोकांनी लगेच उद्धव ठाकरेंचं जुनं बोलणं बाहेर काढलं. २०१८ मध्ये, पालघर लोकसभेच्या पोटनिवडणुकीच्या वेळी, शिवाजी महाराजांच्या प्रतिमेला हार घालताना योगी आदित्यनाथांनी पायातल्या खडावा काढल्या नाहीत, म्हणून त्याच खडावांनी त्यांचं थोबाड फोडावंसं वाटलं, अशा अर्थाचं ठाकरे बोलले होते. एकाची कानाखाली, दुसऱ्याची खडाव. तराजूत घातलं तर दोन्ही पारडी सारखीच. पण चर्चेला बसलेल्या प्रवक्त्यांपैकी एकाच्याही तोंडून ‘दोन्ही चूक, आणि दोन्हींना पोलीस नको’ हे आलेलं मी ऐकलं नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आणि वाहिनी कोणत्या बाजूला झुकलेली आहे, हे निवेदक आधी कुणाला बोलू देतो आणि कुणाला मध्येच तोडतो, यावरून कळत होतं.

असं का होतं, याचं उत्तर तत्त्वज्ञानात शोधू नका, खर्चात शोधा. चिपळूणची ती बातमी करायला माझा दिवस गेला, पेट्रोल गेलं, तीन माणसांशी बोलावं लागलं, कागद पाहावे लागले. आक्षेपार्ह वाक्य मात्र आयतं मिळतं. ते सकाळपासून रात्रीपर्यंत फिरवायचं, खाली पट्टी चालवायची, संध्याकाळी चार माणसं खिडक्यांत बसवून भांडायला लावायची, की दिवस भरला. ज्या वाक्याने समाजाच्या भावना दुखावल्या म्हणून निवेदक रागावलेला असतो, तेच वाक्य त्याची वाहिनी दिवसभर शेकडो वेळा ऐकवते. दुखावायचंही आपणच आणि दुखावलं म्हणून ओरडायचंही आपणच. दुसरं कारण म्हणजे नेत्यांची मर्जी. ज्याची मुलाखत उद्या हवी आहे, ज्याच्या सरकारच्या जाहिराती येतात, त्याच्या माणसाचं बोलणं ‘जीभ घसरली’ होतं. ज्याच्याकडून काही मिळायचं नाही, त्याचं तेच बोलणं ‘मुक्ताफळं’ होतं.

पण या दुटप्पीपणाचा मार मोठ्यांना बसत नाही. राणे त्या रात्रीच सुटले आणि मंत्री राहिले. मार कुणाला बसतो, ते पालघरला जाऊन बघा. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हा सगळं बंद ठेवलं गेलं, त्याबद्दलची नाराजी तिथल्या एका मुलीने फेसबुकवर लिहिली. शिवी नाही, कुणाची बदनामी नाही, साधं मत. तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. पुढे त्यांच्यावरचा खटला बंद झाला आणि पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाईही झाली, पण त्या दोघींनी आणि त्यांच्या घरच्यांनी जे सोसलं ते सोसलंच. त्याच घटनेनंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर हा गुन्हा ठरवणाऱ्या, ६६अ कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि २४ मार्च २०१५ ला न्यायालयाने ते कलम रद्द केलं. श्रेया सिंघल खटला म्हणतात तो हाच. त्या निकालातला फरक प्रत्येक निवेदकाने पाठ करावा असा आहे: चर्चा करणं वेगळं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं वेगळं आणि चिथावणी देणं वेगळं. पहिल्या दोन गोष्टी कितीही नकोशा वाटल्या तरी त्यांना संरक्षण आहे. चिथावणीपर्यंत गोष्ट गेली तरच सरकारने हात घालावा.

राज्यघटनेच्या १९(२) मध्ये निर्बंधांची यादी आहे: सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, न्यायालयाचा अवमान, गुन्ह्याला चिथावणी वगैरे. त्या यादीत ‘कुणाला तरी राग आला’ हे कारण नाही.

तरीही चित्र बदललं नाही. मे २०२२ मध्ये शरद पवारांबद्दलच्या पोस्टवरून अभिनेत्री केतकी चितळेला अटक झाली आणि ती महिन्याहून जास्त काळ कोठडीत होती. ती पोस्ट मला अजिबात आवडली नव्हती. पण एवढ्यासाठी तुरुंग? तेव्हा महाविकास आघाडीचं सरकार होतं. मार्च २०२५ मध्ये विनोदवीर कुणाल कामराने एकनाथ शिंदेंवर विडंबन केलं म्हणून मुंबईत खारला जिथे कार्यक्रम झाला होता त्या जागेची मोडतोड झाली. तेव्हा महायुतीचं सरकार होतं. केतकीच्या वेळी स्वातंत्र्याची ढाल घेऊन उभे राहिलेले कितीतरी लोक कामराच्या वेळी ‘मर्यादा हवी’ म्हणू लागले आणि तिच्या वेळी मर्यादा सांगणारे त्याच्या वेळी स्वातंत्र्य सांगू लागले. जुन्या चर्चा काढून बघा, तीच माणसं, फक्त खुर्च्यांची अदलाबदल.

आणि ज्यांच्याकडे बोलायला वाहिनी नाही, त्यांचं काय? ६ फेब्रुवारी २०२३ ला राजापुरात शशिकांत वारिशे या पत्रकाराच्या दुचाकीवर गाडी घातली गेली आणि ते गेले. रिफायनरीच्या प्रश्नावर ते लिहीत होते आणि त्याच दिवशी त्यांची बातमी छापून आली होती. या प्रकरणात खुनाचा गुन्हा दाखल झाला. अभिव्यक्ती स्वातंत्र्याची खरी किंमत तिथे मोजली जाते, तालुक्याच्या गावात, जिथे वार्ताहराच्या खिशात धड ओळखपत्रही नसतं. मी काम करत होतो त्या वाहिनीने मला कधी नेमणूकपत्र दिलं नाही. माझ्यावर काही आलं असतं तर ‘हा आमचा माणूस नाही’ एवढं म्हणायची सोय त्यांनी ठेवली होती. म्हणून स्टुडिओत बसून स्वातंत्र्यावर बोलणाऱ्यांना मी हेच विचारतो: राजापूरच्या माणसासाठी तुम्ही किती वेळ दिलात?

आम्हा कोकणातल्या माणसांची आणखी एक तक्रार आहे, ती थोडक्यात सांगतो. केबल टीव्हीच्या नियमांत कार्यक्रम संहिता आहे. एखाद्या भाषिक किंवा प्रादेशिक गटाला हिणवणारं, तुच्छतेने रंगवणारं चित्रण दाखवू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. पण मालवणी किंवा संगमेश्वरी बोलणारा माणूस पडद्यावर बहुतेक वेळा गडी असतो, नाहीतर बेवडा. त्यावर कुणी चर्चा ठेवत नाही, कारण आम्ही गाड्या फोडत नाही. ज्याचा जमाव मोठा, त्याचीच भावना दुखावते, असा हिशोब झालाय.

मग बंदी नको तर काय हवं? १९९५ मध्ये क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. म्हणजे प्रेक्षक हाही त्यातला हक्कदार आहे. त्या हक्काने मागायच्या गोष्टी साध्या आहेत. ज्याच्याबद्दल बोललं गेलं त्याला त्याच वेळेत, तेवढाच वेळ उत्तर द्यायला मिळावं. चूक सिद्ध झाली तर माफी मध्यरात्री पट्टीवर नको, ज्या कार्यक्रमात चूक झाली त्याच कार्यक्रमात हवी. वृत्तवाहिन्यांनी स्वतःच नेमलेल्या संस्थेने केलेला दंड एक लाखाच्या वर जात नव्हता, आणि एवढ्याने कुणाला धाक बसणार, असं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच विचारलं. दंड वाढायला हवा, पण तो ठरवणारं मंत्रालय नको. सरकारच्या हातात ते दिलं तर काय होतं, हे मीडिया वन या मल्याळम वाहिनीने भोगलंय. २०२२ मध्ये तिचं प्रक्षेपण बंद पाडलं गेलं आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली.

तुम्ही स्वतः करू शकाल अशी गोष्ट म्हणजे तक्रार. केबल टीव्हीच्या नियमांतल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक वाहिनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. तक्रार पोचल्याचं २४ तासांत कळवायचं आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा, असा नियम आहे. उत्तर पटलं नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे अपील करता येतं. तक्रारीत ‘तुमची वाहिनी विकली गेली आहे’ असलं काही लिहू नका, त्याला उत्तर येत नाही. कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ, नेमकं वाक्य आणि ते कोण बोललं, एवढं लिहा. जमलं तर त्याच वाहिनीने तसल्याच दुसऱ्या वाक्याला कशी वागणूक दिली, त्याचीही तारीख जोडा. आणि ज्याला तुम्ही कधीच मत देणार नाही, त्याच्याबद्दल असं काही बोललं गेलं, तर त्या दिवशीही तोच अर्ज भरा.