पट तोच, घड्याळ वेगळं

प्रश्न : आमच्या काळी बुद्धिबळात चाळीस चालींना अडीच तास मिळत. डाव अपुरा राहिला तर दुसऱ्या दिवशी पुढे खेळायचा. ती पद्धत का मोडली? खेळात आता घाईच फार झाली आहे. (निवृत्त शिक्षक, साखळी)

उत्तर : सर, १९७२ च्या फिशर-स्पास्की जगज्जेतेपदाच्या लढतीतही हीच वेळ होती. डाव तहकूब होताना खेळाडू पुढची चाल कागदावर लिहून लिफाफा पंचांकडे देई आणि मग मदतनीसांसह रात्र जागवत असे. संगणक बलवान झाले तसं ते रात्रीचं डोकं खेळाडूचं राहिलं नाही, म्हणून १९९० च्या दशकात तहकुबी मागे पडली.

पण एकाच बैठकीत डाव संपवायचा तर दुसरीच अडचण उभी राहते. जिंकत आलेला डाव, घड्याळात वीस सेकंद, आणि समोरचा नुसता राजा इकडेतिकडे हलवत बसलेला. यावर उपाय फिशरनेच काढला : प्रत्येक चालीला थोडी वेळ वाढवून देणारं घड्याळ. त्याच्या पेटंटसाठी त्याने १९८८ मध्ये अर्ज केला आणि १९९२ मध्ये स्पास्कीविरुद्धच्या फेरलढतीत ते वापरलं. एकूण वेळ घटली हे खरं, मात्र या इन्क्रिमेंटने, म्हणजे वाढीव सेकंदांनी, एंडगेमची, डावाच्या अखेरच्या टप्प्याची, अब्रू राखली असं माझं ठाम मत आहे. तीस सेकंदांत हत्तीचा एंडगेम नीट खेळता येतो, शून्यात नाही.

आणि संथ बुद्धिबळ संपलेलं नाही. २०२४ मध्ये सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या लढतीत गुकेश आणि डिंग लिरेन यांना पहिल्या चाळीस चालींसाठी दोन तास होते, इन्क्रिमेंट एक्केचाळिसाव्या चालीपासून. २०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या गोव्यातल्या हडफड्यात झालेल्या विश्वचषकात चाळीस चालींना ९० मिनिटं, पुढे ३० मिनिटं आणि पहिल्या चालीपासून दर चालीला ३० सेकंद होते. अंतिम फेरीत सिंदारोव आणि वेई यी यांचे दोन्ही क्लासिकल (संथ) डाव बरोबरीत सुटले आणि निकाल रॅपिडमध्ये (जलद डावांत) लागला. बाद पद्धतीत विजेता ठरवावाच लागतो, तेव्हा मला त्यात गैर वाटत नाही.

प्रश्न : २५+५ आणि ३०+३० (मिनिटं + दर चालीला सेकंद) यांत पाच मिनिटांचाच फरक दिसतो. मग एक रॅपिड आणि दुसरी क्लासिकल कशी? (म्हापसा)

उत्तर : फिडे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटना, साठ चालींचा हिशेब धरते. २५ मिनिटं अधिक साठ गुणिले पाच सेकंद म्हणजे ३० मिनिटं : रॅपिड. ३०+३० चे होतात ६० : क्लासिकल. पण दोघांचंही रेटिंग (खेळाडूच्या ताकदीचा आकडा) १८०० च्या खाली असेल तरच. १८०० च्या पुढे किमान ९० मिनिटं लागतात, २४०० च्या पुढे १२०. आणि इन्क्रिमेंट नसलेला सपाट दहा मिनिटांचा डाव ब्लिट्झमध्ये, म्हणजे अतिजलद प्रकारात, मोडतो, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसतं.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची. मोबाइलवर दहा मिनिटांचे डाव छान खेळते, पण ९०+३० च्या स्पर्धेत अर्ध्या-पाऊण तासात हरून बाहेर येते. तिला काय सांगू? (फोंडा)

उत्तर : ‘सावकाश खेळ’ एवढंच सांगू नका. मुलं मग मान हलवतात आणि तसंच खेळतात. स्कोअरशीटवर, म्हणजे चाली लिहायच्या कागदावर, प्रत्येक चालीपुढे घड्याळातली उरलेली वेळ लिहायला सांगा. नियमात ते बसतं. घरी तो कागद घेऊन दोघं बसा. बहुतेक वेळा असं दिसेल : पाठ असलेल्या चाली भराभर, त्या संपल्यावरही तोच वेग, आणि समोरच्याने सोंगटी मारली की दोन-तीन सेकंदांत उलट मार. डाव तिथेच जातो. पाठ केलेलं संपतं त्या चालीवर पाच मिनिटं बसायचं, एवढा एकच नियम महिनाभर लावून बघा. चाल आधी लिहून मग खेळायची ही जुनी शिकवण मात्र नको, आता त्याला मनाई आहे.

आठवड्यातून एक डाव लाकडी पटावर, ३०+३० ने, मैत्रिणीबरोबर. मोबाइल बंद करायला मी सांगणार नाही, पण तीन मिनिटांचे डाव या वयात नकोतच. गोव्याचे अनुराग म्हामल आणि लिऑन मेंडोन्सा ग्रँडमास्टर झाले, आणि त्या किताबाचे नॉर्म, म्हणजे त्यासाठी स्पर्धेत गाठायचे निकष, क्लासिकल डावांतूनच मिळतात. तिला पुढे जायचं असेल तर बसण्याची सवय आताच लागायला हवी.

प्रश्न : माझ्याकडे काठावरचं एक प्यादं होतं, समोर फक्त राजा आणि उंट. माझी वेळ संपली आणि पंचांनी मला हरलेलं ठरवलं. हा अन्याय नाही का? (मडगाव)

उत्तर : राग समजतो, पण पंच बरोबर होते. नियमानुसार वेळ संपल्यावर बरोबरी तेव्हाच, जेव्हा कुठल्याही वैध चालींनी मात शक्यच नसते. तुमचा राजा कोपऱ्यात, शेजारी तुमचंच प्यादं वाट अडवून, समोरचा राजा जवळ आणि कर्णावरून उंटाचा शह : मात होते. असं खेळणार कोणी नाही, पण शक्यता पुरते. प्यादं नसतं, तर बरोबरी मिळाली असती. काही ऑनलाइन साइटवर नुसत्या उंटासमोर बरोबरीच देतात, घोटाळा तिथून होतो. अशा वेळी घड्याळात काही सेकंद शिल्लक असतानाच बरोबरी विचारून टाका.