चित्ररथातल्या रामाचं धनुष्य कसं असावं?

भाऊ, तुम्ही रामनवमीच्या शोभायात्रेसाठी चित्ररथ करून राहिले आणि विचारता की कॅलेंडरवरच्यासारखं दोन बाकांचं धनुष्य करू की साधं बांबूच्या कमानीचं, खरं कोणतं. दोन्ही खरी आहेत जी, फक्त माल वेगळा.

एकट्या बांबूला तो दोन बाकांचा आकार जमत नाही. तो शिंगाच्या धनुष्याचा. मधे लाकूड, मारणाऱ्याकडच्या अंगाला म्हशीचं शिंग, बाहेरून जनावराच्या स्नायूंचे तंतू, सगळं सरसानं चिकटवलेलं, आणि दोरी काढली की हे धनुष्य उलट्या बाजूला वळून बसते. आपल्या मेहकरचा शारंगधर बालाजी माहीत असेलच, त्या नावातलं शार्ङ्ग म्हणजे हेच, शृंगाचं धनुष्य. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड, शिंग असे चारही प्रकार आहेत, आणि दोरी कशाची करायची त्या यादीत चक्क अर्क आहे, म्हणजे शनिवारी मारुतीला घालतो ती रुई! मी तर चाटच पडलो होतो.

बांबूचं करत असाल तर आखूड नका करू. ग्रीक लेखक एरियन लिहितो की हिंदुस्थानी पायदळाचं धनुष्य माणसाएवढं उंच असायचं, खालचं टोक जमिनीला टेकवून डाव्या पायानं दाबून बाण सोडायचे.

आणि दोरी आत्तापासून चढवून ठेवू नका! मागच्या वेळी आम्ही आठ दिवस आधी चढवून मांडवात टेकवून ठेवलं, बांबू तसाच वाकून बसला, यात्रेच्या दिवशी दोरी लोंबून राहिली आणि रामाच्या हातात वाळत घालायची तार दिली असं वाटत होतं. एरवी धनुष्य उतरवूनच ठेवायचं असते, म्हणून तर सीतास्वयंवरात नेम मारायचा पण नव्हता, प्रत्यंचा चढवायचा होता.

पोझचं म्हणाल तर कॅलेंडरवाले दोन बोटांत बाण धरवतात. मुघल काळात दोरी अंगठ्यानं ओढायचे, त्यात कडं घालून, शाहजहानचं जेडचं असं कडं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. अंगठ्यानं ओढलं की बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला बसतो, बोटांनी ओढलं की डाव्या. द्रोणाचार्यांनी नेमका अंगठाच का मागितला ते इथं लक्षात येते.

राम झालेला पोरगा डावखुरा असेल तर हे सगळं उलटं करा. आणि बाणाच्या टोकाला फोम लावा, गर्दीत पोट्टे एकदम रथाला खेटून चालतात.