नागपूरच्या धंतोलीत खाली दुकानं-ऑफिसं आणि वर फ्लॅट अशा इमारतीत बुकिंग केलंय. पुण्यात राहून बांधकामावर लक्ष कसं ठेवू?

बिल्डर दर महिन्याला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो, त्यावरून काम बरं चाललंय की नाही ते कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंय. फोटोवरून नाही ओळखता येत. मी रामदासपेठेत अशाच एका इमारतीत राहतो आणि ती उभी राहत होती तेव्हा बहुतेक रविवारी साइटवर जायचो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी स्लॅब मोजणं सोडा. सांगाडा भराभर वर चढतो, आपण खूश होतो, आणि मग वर्षभर बाहेरून काही हललेलं दिसत नाही. पैसे मात्र स्लॅबच्या वेगाने जातात. रेरा म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणारा कायदा. त्याच्या महाराष्ट्राच्या नियमांतला नमुना करारनामा उघडून बघा: जोतं होईपर्यंत ४५ टक्क्यांपर्यंत आणि सगळे स्लॅब होईपर्यंत ७० टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते. भिंती, फरशी, नळ, लिफ्ट, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, म्हणजे ज्याला आपण घर म्हणतो ते जवळपास सगळं उरलेल्या ३० टक्क्यांत. म्हणून जे विचारायचं ते सांगाडा चढतानाच विचारा. नंतर फोन उचलायलाही वेळ लागतो.

अशा इमारतीत सगळ्यात कळीची जागा म्हणजे दुकानं संपून फ्लॅट सुरू होतात तो मजला. दुकानदाराला मोकळी, रुंद जागा हवी असते, वर मात्र खोल्यांप्रमाणे खांब येतात. म्हणून वरचे काही खांब खाली जमिनीपर्यंत न जाता तिथल्या जाडजूड बीमवर टेकवलेले असू शकतात. तसं असेल तर त्या मजल्याच्या स्लॅबच्या वेळी स्ट्रक्चरल इंजिनिअर स्वतः सळई तपासायला येऊन गेला का, ते विचारा. दुसरं, पाइप. वरच्या सगळ्या संडास-बाथरूमचे पाइप सरळ खाली उतरतात, पण दुकानाच्या मधोमध उतरवता येत नाहीत, म्हणून त्या स्लॅबखाली आडवे वळवतात. तुंबतं आणि गळतं ते त्या वळणावरच. तिथे पोचायचा रस्ता सामाईक जागेतून आहे की कुणाच्या दुकानातून? आमच्याकडे पाइप साफ करायची झाकणं एका गाळ्याच्या फॉल्स सीलिंगमध्ये आहेत. दुकान बंद असलं की प्लंबर खाली टपरीवर चहा पीत बसतो आणि वरचे लोक बादल्या लावतात. प्लंबिंगचा नकाशा आत्ताच मागा. एक गाळा खानावळीला जाणार असेल तर धुराड्याचा डक्ट थेट गच्चीपर्यंत दाखवलाय का, तेही बघून घ्या. सावजी रस्सा मलाही आवडतो, पण पडद्यांना त्याचा वास नको.

आता उन्हाळा. नागपुरात मे महिन्यात, त्यातही नवतप्यात म्हणजे सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत पडलेल्या स्लॅबची तराई, म्हणजे काँक्रीटला पाणी देत राहणं, हा स्वतंत्र विषय आहे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि फ्लाय ॲशवाल्या (कोळशाची राख मिसळलेल्या) सिमेंटला किंवा कोरड्या, तापलेल्या हवेत किमान १० दिवस पाणी द्यायचं असतं. स्लॅबवर सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे छोटे बांध घालून पाणी भरून ठेवतात, ते लांबूनही दिसतं, त्यामुळे तिकडे सहसा हयगय होत नाही. हाल होतात खांबांचे. त्यांना गोणपाट गुंडाळतात, सकाळी एकदा पाइप मारतात आणि विसरतात. तुमचा इथला एखादा मावसभाऊ-आतेभाऊ असेल तर त्याला दुपारी दोनला पाठवा आणि गोणपाटाला हात लावायला सांगा. सकाळी सगळंच ओलं असतं. सोबत क्यूब टेस्टचे, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद तपासतात त्याचे, २८ दिवसांचे रिपोर्ट मागा. साइट इंजिनिअरला आधी फोन करून, हेल्मेट घालून गेलं की सहसा कुणी अडवत नाही.

बेसमेंट पार्किंग असेल तर भराव बघा. बाहेरच्या भिंतीला वॉटरप्रूफिंग झाल्यावर मागे मुरूम भरतात की खोदून काढलेली काळी मातीच परत लोटतात? काळी माती पाण्याने फुगते, उन्हात आकसते आणि वर्षानुवर्षं भिंतीला रेटत राहते. रॅम्प रस्त्यावरून थेट खाली उतरतो की आधी जरासा वर चढून, हेही पाहा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली, मोरभवन बसस्थानक पाण्याखाली गेलं. नाग नदी धंतोलीपासून काही लांब नाही.

पुण्यात बसून करण्यासारखं कामही आहेच. महारेराच्या, म्हणजे रेरा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या वेबसाइटवर बिल्डरला दर तिमाहीला प्रगती भरावी लागते. तिथे मंजूर नकाशे असतात आणि ताबा द्यायची तारीख पुढे ढकलली असेल तर तीही कळते. खरेदीदारांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीएच्या दाखल्यांवरच काढता येतात. वेबसाइटवर भरलेली प्रगती आणि साइटवरची माणसं यांचा मेळ बसतो का ते बघा. होळीला गावी गेलेले मजूर महिना उलटूनही परतले नसतील आणि वेबसाइटवर काम मात्र पुढे सरकलेलं दिसत असेल, तर लेखी विचारा. मंजूर नकाशा आणि कामाचं टप्पेवार वेळापत्रक मागण्याचा हक्क रेरा कायद्याच्या कलम १९ ने तुम्हाला दिलाय. दोन दुकानं वाढवायची म्हणून पार्किंग कमी करत असतील, तर कलम १४ प्रमाणे दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. म्हणून बाकीच्या बुकिंगवाल्यांचा ग्रुप आत्ताच करा, ताबा मिळेपर्यंत थांबू नका.

अशा इमारतींत दुकानं आधी उघडतात. रोषणाई, फुगे, फीत कापणं सगळं होतं आणि बिल्डर तुम्हाला म्हणतो, "बिल्डिंग चालू झाली, शेवटचा हप्ता टाका." अशा वेळी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला दिलेला परवानगीचा दाखला, मागून नीट वाचा. ते अंशतः असेल आणि त्यात फक्त दुकानांचेच मजले असतील, तर हप्ता हातातच ठेवा.